ढकलगाडीवरचं वजन

मी ढकलगाडी बोलतेय. नावात गाडी असली तरी मला चाकं नाहीत, आणि इंजिन तर नाहीच नाही. खाली दोन लोखंडी घसरपट्ट्या, पुढे एक जाड गादी आणि मागे दांडीला धरून एक माणूस उभा राहील एवढी फळी, एवढाच माझा संसार. गादीला खांदा लावायचा आणि मला ढकलत न्यायचं, यापलीकडे माझा काही उपयोग नाही. पण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या या छोट्या कॉलेजच्या, चेंडू हातात धरून खेळायच्या इथल्या फुटबॉलच्या संघातला एकही दांडगा गडी गेल्या सव्वीस वर्षांत मला खांदा लावल्याशिवाय मैदानात उतरलेला नाही.

मला ब्रँडव्होल्ड नावाच्या माणसानं घडवलं. गावात नांगर आणि पेरणीयंत्रं दुरुस्त करणारा तो एकटाच. त्या वर्षी मर्ल हौगन नावाचा तरुण कोच नुकताच इथं नोकरीला लागला होता. ब्रँडव्होल्डनं त्याला विचारलं, "किती जड करू?"

"पोरं शिव्या देतील इतकी."

त्यानं तशी केली, आणि पोरांनीही आपलं काम चोख केलं. सव्वीस वर्षांत मी ज्या शिव्या ऐकल्या त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत.

पहिल्या दिवसापासून हौगन कोच माझ्या फळीवर उभे राहतात. पोरगा पुढून ढकलतो आणि कोच वरून ओरडतात, "खाली! अजून खाली वाक! पाय थांबवू नको!" त्यांचं दोनशे साठ पौंडांचं ओझं मला माझ्या लोखंडाइतकंच ओळखीचं होतं.

खरं सांगू? मला माणसांचं फार नवल वाटतं. एका जागी पडून राहणं हा लोखंडाचा स्वभाव. मी हलले नाही तर या मुलांचं काय बिघडणार आहे? कुंपणापलीकडे रस्ता आहे, घरी जाता येतं. तरी ती येतात. नाकातून वाफा निघतात, दाढा आवळल्या जातात, गुडघे थरथरतात, आणि मी सरकते. हजारदा सरकले असेन, पण दर वेळी मी आतून थक्क होते.

इथं सामने शरद ऋतूत होतात. वसंतात नुसता सराव असतो, मोजून पंधरा दिवसांचा. कुंपणाच्या कडेला अजून बर्फ असतो, वारा कान कापतो, आणि समोर दुसरा संघ नसतो. प्रत्येकाचा प्रतिस्पर्धी त्याच्याच शेजारी बूट बांधत बसलेला असतो. कारण कोणत्या जागी पहिला कोण आणि दुसरा कोण, हे याच पंधरा दिवसांत ठरतं आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला यादी लागते.

यंदा सगळ्यांचं लक्ष सेंटरच्या जागेवर होतं. सेंटर म्हणजे रांगेतला मधला गडी. चेंडू स्वतःच्या पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या पहाडाला अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. यादीत त्या जागेसमोर दोन नावं होती आणि मध्ये 'किंवा' असं लिहिलं होतं.

पहिलं नाव कोल्टर रीडलचं. गुरं पाळणाऱ्या घरातला मुलगा, हाडाचा काटक, येत्या शरदात त्याचा शेवटचा मोसम. चार वर्षं तो कोणा ना कोणाच्या मागे दुसरा राहिला होता. दुसरं नाव साया तुइफुआचं. तो पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून आलेल्या घरातला, वयानं दोन वर्षांनी लहान आणि अंगानं दीडपट.

"काय रे म्हाताऱ्या, गुडघे तेल मागतायत का?" साया रोज सकाळी विचारायचा.

"तू आधी स्वतःची नाडी बांध, डोंगरा. का पोट आडवं येतंय?"

असं बोलत दोघं माझ्याकडे यायचे आणि एकमेकांना हरवण्यासाठी जिवाचं रान करायचे.

सरावाच्या पहिल्या दिवशी कोच फळीवर चढले तेव्हाच मी चपापले. तेच बूट, तोच आवाज, पण वजन ते नव्हतं. एकावर एक तीन जाकिटं चढवून आले होते, त्यामुळे पोरांना पत्ता लागला नाही. थंडी आहे, घातली असतील, असं सगळ्यांना वाटलं. मला कळलं होतं, पण मी कोणाला सांगणार?

सेंटर निवडायची हौगन कोचांची पद्धत सव्वीस वर्षांत बदललेली नाही. बाराव्या दिवशी दोघांनी एकेकट्यानं मला ढकलायचं. कोच फळीवर. मी थांबले की संपलं. जो मला लांब नेईल त्याचं नाव वर.

कोल्टर आधी आला. इतका खाली वाकून लागला की त्याची हनुवटी गवताला टेकेल असं वाटलं. अडतीस यार्ड! मग साया आला. त्याचा धक्का दांडगा, पण पाय जरा सावकाश. साडेछत्तीसवर मी थांबले. पोरांनी आनंदानं कोल्टरला अक्षरशः बडवून काढलं. दुपारी दाराला नवी यादी लागली आणि त्यातला 'किंवा' निघाला होता.

संध्याकाळी कोल्टर एकटाच येऊन माझ्या फळीवर बसला आणि त्यानं घरी फोन लावला. "हो, बाबा. पहिला. हो, मीच." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मग त्याचं लक्ष गवताकडे गेलं. माझ्या घसरपट्ट्यांनी ओल्या मातीत दोन चर पाडले होते. तो उठला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं चरात बोट घातलं. दर वर्षी बोटाची दोन पेरं आत जातात. या वेळी नखच बुडालं. त्यानं चार ठिकाणी बोट घालून बघितलं, आणि मग बराच वेळ माझ्या रिकाम्या फळीकडे बघत राहिला.

अरे, गप्प बस, मी मनात म्हणत होते. चार वर्षांनी मिळालंय, घे की पदरात.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी आला. कोच माझ्याशेजारी सरावाच्या खुणेचे शंकू मांडत होते.

"कोच, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"तुमचं वजन किती उतरलंय?"

कोचांनी हातातला शंकू खाली ठेवला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. हिचा चर बघितला. माती पुरती दबलीच नाही."

कोचांनी वरच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "साठ पौंड. डिसेंबरात ऑपरेशन झालं, निम्मं पोट काढलं. आता बरा आहे मी. पण पोरांना सांगू नको. मला ढकलताना त्यांना माझी दया यायला नको."

"मग कालचं धरू नका, कोच."

"का? दोघांनी तेवढंच वजन ढकललं. तू जिंकलास. अन्याय कोणावर झाला?"

"वजन वाढलं की साया माझ्यापेक्षा भारी आहे. रोज बघतो मी. सामन्यात माझ्यासमोर सव्वातीनशे पौंडांचा माणूस येणार आहे."

"तू हरशील रे."

"हरेन कदाचित." कोल्टरनं बुटानं माती उकरली. "आमच्याकडे काही लोक वासरं विकायला नेताना वाटेत पाणी पाजतात, काट्यावर जड भरावीत म्हणून. बाबा त्या लोकांशी बोलत नाहीत."

कोचांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. मग एकेक करून तिन्ही जाकिटं काढून माझ्या दांडीवर टाकली. आत उरलेला माणूस सत्तर-ऐंशी पोरांनी पहिल्यांदाच पाहिला. कोचांनी चार वाक्यांत ऑपरेशनचं सांगितलं, चाचणी पुन्हा होणार म्हणून सांगितलं, आणि एकाला व्यायामशाळेतून साठ पौंडांच्या लोखंडी चकत्या आणायला पाठवलं.

साया म्हणाला, "कोच, रविवारी आमच्या चर्चमध्ये जेवायला या. दोन रविवारांत साठ पौंड परत."

"निम्मंच पोट राहिलंय रे."

"मग चार रविवार."

पोरं हसली, कोचही हसले. हसताना त्यांनी माझी दांडी घट्ट धरली होती. मग ते फळीवर चढले. पायाशी चकत्या रचल्या गेल्या, आणि किती महिन्यांनी मला माझं ओळखीचं ओझं लागलं.

या वेळी साया आधी. त्यानं खांदा लावला तसे माझे सांधे करकरले. तेहतीस यार्डांवर मी थांबले आणि कोचांनी तिथं आपली टोपी ठेवली.

मग कोल्टर. वीस यार्डांपर्यंत तो सायापेक्षा जोरात चालला होता. पंचविसाव्याला त्याचे पाय घसरू लागले. तिसाव्याला त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो मी आजवर कोणा माणसाकडून ऐकला नव्हता. सव्वीस वर्षांत मी कधी कोणाची बाजू घेतली नव्हती. त्या दिवशी मात्र आपण स्वतःहून थोडं सरकावं असं मला फार फार वाटलं. पण लोखंडाला ते जमत नाही. टोपी वीतभर पुढे राहिली आणि मी थांबले.

कोल्टर तोंडावर पडला होता. सायानं त्याला काखेत हात घालून उठवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुपारी यादी बदलली. साया तुइफुआ वर, कोल्टर रीडल खाली. त्या संध्याकाळी कोल्टरनं पुन्हा घरी फोन केला. तो फार लांबला नाही.

शनिवारी संघाचे दोन भाग करून आपसातला सामना झाला, लोक घोंगड्या पांघरून बघायला आले, आणि वसंताचा सराव संपला.

सोमवारी मैदान रिकामं होतं. मैदानाची देखभाल करणाऱ्या व्हर्नाबाई ट्रॅक्टर घेऊन माझ्यापाशी आल्या, माझ्या गंजलेल्या सांध्याला त्यांनी बुटानं ठोकलं आणि फोनवर कोणाला तरी सांगितलं, "जुलैत नवी येतेय, निळ्या गाद्यांची. ही भंगारात द्यायची." मला वाईट वाटलं, पण तक्रार नाही. लोखंड आहे, कधीतरी जायचंच.

त्या गेल्यावर कोल्टर आला. काखेत चकत्या होत्या. त्या तो फळीवर रचणार इतक्यात मागून साया आला, त्यानं चकत्या गवतात टाकल्या आणि स्वतःच फळीवर चढला. मी कळवळले.

"उतर, डोंगरा. मोडेल ती."

"तीनशे दहा पौंड. ढकल, म्हाताऱ्या. ऑगस्टात, सामन्यांच्या आधी, परत यादी लागायची आहे."

"मग तू कशाला माझी तयारी करून घेतोस?"

"माझी आई मला म्हणते, 'ती जागा तुला कोल्टरनं ताटात वाढून दिली.'" सायानं दांडी धरली. "मला वाढलेलं नको. ऑगस्टात तुला सरळ हरवायचंय मला. तोवर तू भारी झाला पाहिजेस. चल, वाक खाली!"

कोल्टर हसला. मग त्यानं खांदा लावला, आणि ते ओझं घेऊन मी सरकले. किती यार्ड ते दोघांनीही मोजलं नाही. कोल्टर धापा टाकत गवतावर आडवा झाला, आणि मग साया खाली उतरला आणि गादीपाशी येऊन वाकला. आता कोल्टर फळीवर चढला.

तेव्हापासून ते रोज येतात.

व्हर्नाबाई, नवी गाडी येऊ द्या. तिला पुढे उभं करा, मला कुंपणाशी लोटा, पण भंगारात ओढून न्यायला साखळी बांधायची घाई करू नका. ऑगस्टात दाराला यादी लागेल. कुंपणापासून ते दार मला दिसत नाही. कोणाचं नाव वर आहे, एवढं मला येऊन सांगा. मग खुशाल न्या.