माय चार हात मागे सरकली

मोहाडोंगरला त्या दिवशी इतकी गर्दी होती की एसटीच्या ड्रायव्हरने गाडी गावाबाहेरच उभी केली आणि चप्पल काढून तोही दर्शनाला निघाला. बैलबंड्या, ऑटो, ट्रॅक्टर, नारळाची दुकानं, सगळं होतं. मधोमध जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आलेला होता आणि त्यातून मोटरीशिवाय, रात्रंदिवस, वाफाळतं पाणी वाहत होतं. पुढे ते खडकातल्या नालीतून उतरत होतं. त्या नालीच्या तळाशी लख्ख शेंदरी थर पसरला होता. तो कोणी लावला नव्हता. शिवाय तो चालत होता! मागच्या पौर्णिमेपेक्षा तीन हात पुढे आला होता. लोक त्याला देवीची, मायची पावलं म्हणत.

"माय आ रही है," पाइपाजवळ बसलेले वाफनाथ महाराज सांगत होते. "गरम पाण्यात मासोळी मरते, विंचू मरते. मायचा शेंदूर मरत नाई. मंग तो रोगाले घाबरंल का? अंगाले लावा, तीर्थ प्या, आणि डॉक्टरच्या गोळ्या नदीत फेका."

गावाला नदी नव्हती. तरी लोकांनी माना डोलावल्या.

मी हर्षा. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासते. वीस वर्षांत मी अर्ध्या तालुक्याच्या बोटांना सुई टोचली आहे, त्यामुळे मला पाहिलं की माणसं आधी हात पाठीमागे नेतात. त्या दिवशी मी दर्शनाला नव्हे, करिश्माला शोधायला आले होते. करिश्मा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला सिकलसेल आहे. या आजारात रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. रोजच्या कॅप्सूलवर तिचं छान चाललं होतं. दोन महिन्यांपासून ती कॅप्सूल न्यायलाच आली नव्हती.

एका मोहाच्या झाडाखाली ती सापडली. दोन्ही गुडघ्यांना शेंदूर फासलेला, चेहरा उतरलेला, पण जीभ शाबूत. "मॅडम, महाराज म्हणते, दुखते ते मायची परीक्षा हाय. मी म्हटलं, माही बी.ए.ची परीक्षा हाय, तिचं काय करू?"

तिची आई शकुबाई मात्र हसली नाही. महाराजांनी तिला सांगितलं होतं की हा रोग आईच्या वंशाला लागलेला शाप आहे. पुढच्या पौर्णिमेला माय खालच्या काळ्या दगडापर्यंत पोचेल, शाप फिटेल, तोवर गोळीला शिवायचं नाही. शकुबाईने तसा नवस केला होता. पोरीच्या सगळ्या कॅप्सूल तिने स्वतःच्या हाताने चुलीत टाकल्या होत्या.

मला इतका राग आला की तिथे बोलले असते तर गाव माझ्यावर उलटलं असतं. मी सरळ घरी गेले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर पिशवीत घालून परत आले आणि नालीत जागोजाग बुडवू लागले. "मायले ताप हाय का, बाई?" एका आजीने काळजीने विचारलं. मी म्हटलं, आहे, अडुसष्ट अंश. पाइपाच्या तोंडाशी तेवढंच होतं. शेंदूर सुरू होत होता बासष्टला आणि संपत होता पन्नासच्या आसपास. त्याखाली नुसतं हिरवं शेवाळ. म्हणजे शेंदराची हद्द पाणी किती गरम आहे त्यावर ठरत होती. मग ती पुढे सरकली कशी?

उत्तर वारलूभाऊंकडे होतं. वारलूभाऊ चाळीस वर्षं गावच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, फिरवतात. पाणी कायम असंच वाहतं का, म्हणून मी त्यांना सहज विचारलं.

"नाई जी. मागच्या आमावशेपासून वाढलं. आवाजावरून समजते."

मग कोणाला बोलला का नाहीत, असं विचारल्यावर ते अगदी सरळपणे म्हणाले, "मले वाटलं, मी तलावाचं पाणी फिरवतो, तशी मायबी आपलं पाणी फिरवून राह्यली असंल."

हा पाइप पूर्वी कोळसा शोधायला आलेल्या लोकांनी जमिनीत खोल घातलेला. कोळसा मिळाला नाही, गरम पाणी लागलं, आणि ते पाइप तसाच सोडून गेले. पाइपाला झडप होती. आता तिच्यावर सात-आठ चुनऱ्या गुंडाळलेल्या होत्या. मी वारलूभाऊंना माझा अंदाज सांगितला: कोणी झडप उघडून पाणी जास्त सोडलं की ते निवायच्या आधी लांबवर जातं, आणि शेंदूर त्याच्या मागे. भाऊंनी बराच वेळ कान खाजवला. मग ते उठून महाराजांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले की बायांच्या आंघोळीसाठी नालीला एक फाटा काढून देतो, खाली पोचेपर्यंत पाणी निवेल. महाराज खूश झाले, कारण आंघोळ म्हणजे आणखी गर्दी. भाऊंनी दोन तासांत मातीचा बांध घालून निम्मं पाणी बाजूच्या कोरड्या खडकावर वळवलं.

मी शकुबाईला चिठ्ठी लिहून दिली आणि वाचूनही दाखवली: पौर्णिमेला माय पुढे नाही, मागे गेलेली असेल. पुढे गेली तर मी पुन्हा या गावात तोंड दाखवणार नाही. मागे गेली तर त्याच दिवशी कॅप्सूल सुरू. शकुबाईने चिठ्ठी बटव्यात ठेवली. पौर्णिमेपर्यंतचे ते अकरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. पोरीला मोठं दुखणं उपटलं असतं तर माझी चिठ्ठी काय कामाची? मी रोज सकाळी फोन करायचे.

सहाव्या दिवशी करिश्माचाच फोन आला. "मॅडम, माय रिव्हर्स घेऊन राह्यली!"

पौर्णिमेच्या सकाळी मी पोचले तेव्हा माय चार हात मागे होती. शिवाय बायांच्या नव्या नालीत, जिथे ना मंत्र ना आरती, पातळसा शेंदरी पापुद्रा धरला होता. आंघोळीला आलेल्या बाया काठावर खोळंबल्या होत्या, कारण दोन माया झाल्यावर पाय ठेवायचा कुठे? महाराज घामाघूम झाले होते. माय रुसली आहे, कोणाच्या तरी मनात पाप आहे, असं ते सांगत होते आणि सांगतासांगता पाइपाजवळ सरकत होते.

खाली बांधावर बसलेले वारलूभाऊ एकदम ताठ झाले. "पाणी वाढलं," म्हणाले. चालत गेले आणि चुनऱ्या उचलल्या. आत महाराजांचा हात होता आणि हातात पाना होता.

"मायचे चरण दाबून राह्यलो होतो," महाराज म्हणाले.

"चरणाले पाना लागते का, महाराज?" वारलूभाऊंनी विचारलं.

आधी करिश्मा हसली, मग बाया हसल्या, मग सगळी गर्दी हसली. त्या हसण्यापुढे महाराजांचं काहीच चाललं नाही. पूर्वी ते बोअरवेलच्या गाडीवर हेल्पर होते, हे त्यांनीच पाणी मागता मागता कबूल केलं.

लोक मला विचारू लागले, मग हा शेंदूर आहे तरी काय? मी सांगितलं, जिवाणू आहेत, डोळ्यांना एकेकटे न दिसणारे. अंडं उकडलं की घट्ट होतं, तशी आपल्या अंगातली प्रथिनं अशा पाण्यात बिघडतील. यांची बिघडत नाहीत. प्रत्येक जीव पिढ्यानपिढ्या आपल्या जनुकांची नक्कल उतरवत असतो आणि त्यात अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ज्या चुका उष्णतेत उपयोगी पडल्या त्या या जिवाणूंत टिकल्या. काही जनुकं तर त्यांनी शेजारच्या जिवाणूंकडून घेतली. शास्त्रज्ञांनी अशा जिवाणूंची सगळी जनुकं वाचून काढली आहेत, म्हणून हे कळतं. आणि गरम झऱ्यातल्याच एका जिवाणूचा रस, म्हणजे एन्झाइम, आम्हा तपासणी करणाऱ्यांच्या कामाचा आहे, कारण जनुकाच्या नकला काढताना तो तापवला तरी बिघडत नाही. नागपूरला करिश्माचं जनुक तपासलं, ते त्याच्याच मदतीने.

शकुबाई गर्दीतून पुढे आली. "मंग करिश्माचं?" तिने विचारलं.

"तिच्यातही एक अक्षर बदललेलं आहे, शकुबाई. त्याची एक प्रत तुमच्याकडून आली, एक तिच्या बापाकडून. तुम्हा दोघांत ती एकेकच आहे, म्हणून तुम्हाला त्रास नाही. उलट जुन्या काळी या जंगलात हिवतापाने माणसं मरायची, तेव्हा हे अक्षर एकाच बाजूने मिळालेली पोरं जास्त तगली. म्हणून ते टिकलं. दोन्ही बाजूंनी मिळालं की आजार होतो."

"म्हंजे शाप नाई?"

"नाही."

"माही चूक नाई?"

"तुमची काहीच चूक नाही."

ती पदर तोंडाला लावून रडली. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग तिने बटव्यातून माझी चिठ्ठी काढून मला परत दिली आणि दुसरा हात कॅप्सूलसाठी पुढे केला.

रोग आला म्हणून कोणत्याही आईने मान खाली घालू नये. तपासणी करून घ्या, सुरू असलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि कोणी चमत्कार दाखवला तर तो कसा होतो, हे त्याच्या तोंडावर विचारा. विचारलं म्हणून कोणतीही माय रुसत नाही.