कमळबाबाचा निवाडा

बजाजनगरात रविवारी अकराला कमळबाबाचा दरबार भरला की मैदानात पाय ठेवायला जागा उरत नसे. मांडवात काळा प्लास्टिकचा टब, त्यात चिखल-पाणी आणि मधोमध टपोरं गुलाबी कमळ. पापी बाई समोर बसली की देवीचं हे कमळ मिटतं, अशी ख्याती पार गंगापूरपर्यंत गेली होती.

त्या रविवारी टबासमोर आशाबाई बसली होती. दोन लेकरं पोटातच गेली, म्हणून कंपनीत ऑपरेटर असलेल्या तिच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनंच तिला आणलं होतं.

"कमळा माय, कमळा माय, पाप दिसता मिटून जाय!" बाबा गरगरा फिरत किंचाळला. "अरे, माइकचा आवाज वाढवा! देवीला ऐकू गेलं पाहिजे!"

तासाभरात पाकळ्या आवळत आवळत मिटल्या. गर्दी हबकली.

"चेटकीण! नवऱ्या, धर हिचे हात!" बाबा गरजला.

बद्रीनाथनं धरले. बाबाचा चामडी पट्टा तिच्या पाठीवर कडाडला. पोलकं फाटलं, रक्त आलं. "अवो, म्या काय केलं? सोडा की!" ती ओरडत होती. तो सोडेना. तिनं जिवाच्या आकांतानं हिसडा दिला आणि त्याच्याच मुठीत तिचं मनगट काडकन मोडलं.

शेजारच्या कालिंदीबाईंनी तिला दवाखान्यात नेलं. त्या शाळेत विज्ञान शिकवत आणि गच्चीवर टबात कमळं लावत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी बद्रीनाथला गच्चीवर बसवलं. "फुलावरची नजर हलवू नका."

दुपार होता होता पूर्ण उमललेलं कमळ मिटलं.

"बाई, इथं तर मी एकटाच व्हतो!"

"मग तुम्हीच पापी ठरलात. कमळ सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. दोन-तीन दिवस असंच, मग पाकळ्या गळतात. टबात असो की तळ्यात. बाबा बायकांना अकराला बसवतो, सकाळी सातला का नाही?"

बद्रीनाथला स्वतःच्या पंजांकडे बघायचीही भीती वाटली.

पुढच्या रविवारी म्हाताऱ्या आवडाबाईची पाळी होती. कमळ मिटलं, पट्टा उठला आणि बद्रीनाथनं तो वरच्या वर धरला. चेले काठ्या घेऊन तुटून पडले. दात पडला, भुवई फुटली. रांगत रांगत त्यानं बाबाच्या आसनामागचा पडदा ओढला.

मागं बदलीसाठी ठेवलेले नऊ टब, नऊ कमळं. नऊही मिटलेली.

"ह्यांच्यासमोर कोण बसलं व्हतं?" तो रक्त थुंकत ओरडला. "सांग की रे बाबा! कुठायत तुझ्या नऊ चेटकिणी?"

बाबा पळायला लागला. लोकांनी त्याला पाडलं, लाथांनी तुडवलं, त्याचाच पट्टा त्याच्यावर उगारला. कालिंदीबाई मध्ये घुसल्या. एक फटका त्यांच्याही खांद्यावर बसला.

"थांबा! गेल्या रविवारी फुलाचं ऐकून बाईला मारू दिलंत, आज बद्रीनाथचं ऐकून बाबाला मारताय. स्वतः कधी तपासणार? पोलिसांना बोलवा!"

ठाण्यात बद्रीनाथनं सगळं सांगितलं. "बायकोचे हात मी धरले व्हते. तेबी लिहा. मनगट माझ्याच मुठीत मोडलं."

प्लास्टर घातलेला हात सावरत आशाबाई समोरच्या बाकावर बसली होती. ती माहेरी निघाली होती. जाताना दाराशी थांबून ती म्हणाली, "रोज मिटतं का हो हे फूल, एवढं ईचारायला किती येळ लागला असता?"