उसनी घाण

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय कायम संपावर असतो, स्टुलावर बसा. तुमची गाडी धुऊन व्हायला वेळ लागणार आहे. बाहेर पाण्याची गन घेऊन उभा आहे ना, तो काडीपैलवान, तो गाडी धुत नाही, गाडीवर सूड उगवतो. तोवर त्याचीच गोष्ट सांगतो, मजा येईल. मधेच तो आत आला तर मी टायरच्या हवेबद्दल बोलायला लागेन. तुम्ही नुसती मान डोलवा.

आम्ही त्याला चकाचक म्हणतो. हा माणूस साबण वापरायच्या आधी साबण धुतो. कोणाच्या घरी चहाला गेला की कप उजेडात धरून बघतो, आणि मग लोक पुन्हा चहाला बोलवत नाहीत. तर हा राहतो सासूच्या घरी. घरजावई म्हटलं की चवताळतो. म्हणतो, "सासूबाई आमच्याकडे राहतात." असेल बाबा. पण घराची किल्ली सासूच्या कमरेला असते, काय समजायचं ते समजा.

सासू कमी बोलणारी. म्हणजे जावयाशी कमी. माशांशी भरपूर. तिच्या बैठकीच्या खोलीत काचेची टाकी आहे, चांगली पलंगाएवढी लांब. आत नुसतं जंगल. तळाला काळी माती, तिच्यावर बारीक हिरवळ, मागे उंच लांब पानांची झाडं, मधे एक वाकडं लाकूड आणि त्याच्यावर शेवाळ चढलेलं. वरून दिवा, मागे घुर्रघुर्र करणारा फिल्टर. बारके मासे थव्यानं फिरतात, आणि त्यांच्यामधून एक मोठा, पंख लांब सोडलेला एंजल मासा असा सावकाश जातो, जसा काही सोसायटीचा चेअरमन पाण्याचा नळ तपासायला निघालाय. तो मासा सासऱ्यांनी आणलेला. सासरे गेले, मासा राहिला. सासू त्याला "अहो" म्हणते. खोटं नाही सांगत. "अहो, जेवलात का?" "अहो, आज दूधवाला आला नाही बघा." मासा ऐकून घेतो. सासरेही उलट उत्तर द्यायचे नाहीत म्हणे, त्यामुळे तिला फारसा फरक पडला नसावा.

सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. चकाचकची बायको आईसोबत दवाखान्यात राहणार, घरी हा एकटा. निघताना सासूनं दारात उभं राहून सांगितलं, "चिमूटभर खाणं घालायचं. सडकं पान दिसलं तर उचलायचं. बाकी हात लावायचा नाही."

"लावणार नाही, आई."

"कशालाच नाही."

"नाही हो, आई."

एवढं बोलून ती गेली, आणि हा तिथंच टाकीसमोर उभा राहिला. त्याला टोचलं काय, तर इतकी वर्षं हा माणूस त्या घरात राबतोय, खिडक्या पुसतोय, पंखे पुसतोय, तिच्या चपलांचे तळवेसुद्धा पुसून ठेवतो, पण त्या बाईच्या तोंडून कधी "छान" एवढा शब्द निघाला नाही. आणि टाकीकडे नीट बघतो तर मागच्या काचेवर हिरवा थर, लाकडाला शेवाळाची दाढी, फिल्टरच्या तोंडाशी काळपट मळ. त्याचे हात शिवशिवायला लागले. मनात म्हणाला, आई घरी येऊ दे, टाकी अशी करून ठेवतो की "छान" म्हणावंच लागेल.

मग काय, लागला कामाला. काच आतून घासली. पाणी जवळजवळ सगळं उपसलं, मासे बादलीत ठेवले. लांब पानं एकेक करून मऊ फडक्यानं पुसली, हो, पानं! लाकडाची दाढी टूथब्रशनं काढली. आणि फिल्टर उघडला, तर आतला स्पंज असा काळाकुट्ट, बुळबुळीत, हातात धरवेना. याला तर आनंदच झाला. इतकी वर्षं सासूच्या घरात घाण शोधत होता, शेवटी सापडली. स्पंज पिशवीत घालून इथं आणला आणि ही गन असते ना, जिच्यानं आपण ट्रकच्या पोटाखालचा चिखल उडवतो, तिच्यानं धुतला. पुढून धुतला, मागून धुतला, नाकाला लावून हुंगला, परत धुतला. पिवळाधमक झाला. इथं सगळ्यांना दाखवत फिरला. आम्हीही "वा वा" म्हणालो. आम्हाला काय कळतंय!

घरी जाऊन स्पंज बसवला, नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. टाकी खरंच झकास दिसत होती. दुकानात लावतात तसली.

दोन दिवस झकास दिसली. मग पाणी पांढरं व्हायला लागलं. आधी भाताच्या पेजेसारखं, मग ताकासारखं. हिरवळीची टोकं गळाली. बारके मासे सगळे वर आले, आणि "अहो" तर तोंड पाण्याच्या वर काढून हवा चाखत होते, गरम चहा फुंकल्यासारखं. चकाचकनं अजून थोडं पाणी बदललं. अजून पांढरं. त्यानं काच बाहेरून पुसली. त्याला सुचणार तेच ना!

आणि नेमका त्याच वेळी दवाखान्यातून बायकोचा फोन, व्हिडिओवाला. "आईला बघायचंय. टाकीसमोर धर."

"आत्ता? आत्ता दिवा बंद आहे."

मागून सासूचा आवाज आला, "लाव म्हणावं दिवा."

यानं दिवा लावून फोन धरला. पलीकडे सासू पलंगावरून डोळे बारीक करून बघतेय. "हे धुकं कसलं?"

"फोनची काच खराब आहे, आई."

"तुझ्या फोनची?" सासू म्हणाली. तिला जावई माहीत होता.

यानं फोन शर्टाला पुसला, पुसतापुसता कट केला, आणि बंद करून कपाटात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा याची एखादी वस्तू खराब होती, आणि तेही खोटं.

मग धावत माशांच्या दुकानात. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "अहो, गन? स्पंजला गन मारली?"

"स्वच्छ केला."

"त्या काळ्या गाळात बारीक जीव असतात. मासे जी घाण करतात ती ते खातात. तुम्ही गनीनं ते सगळे उडवले, आणि उरलेले नळाच्या औषधाच्या पाण्यानं मेले. आता मासे स्वतःच्याच मुतात बसलेत."

चकाचकला स्टूल द्यावं लागलं. "मग आता?"

"खाणं बंद. रोज थोडं थोडं पाणी बदला, नळाचं घेतलंत तर त्यातलं औषध मारायचे थेंब टाकून. पण खरं म्हणजे तुम्हाला पाहिजे जुना, चालू टाकीतला, मळका स्पंज. जितका घाण तितका चांगला. मी दिला असता, पण माझ्या टाक्यांत रोग आलाय, सध्या सगळीकडे औषध आहे. ओळखीत कोणाची टाकी आहे का? वर्षानुवर्षं न धुतलेली?"

होती. तिथंच तर घोडं अडलं.

याचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो, आणि घर म्हणजे दुकानाचंच गोदाम. बसायला गेलं की खाली स्क्रू निघतो. सासूनंच त्याला कधीतरी टाकीतली रोपं आणि माशांची पिल्लं दिली होती. मागच्या खेपेला सगळे तिथं जमले असताना चकाचकनं त्या टाकीत डोकावून, सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "या डबक्यात डाससुद्धा चप्पल घालून उतरेल." सगळे हसले. साडू हसला नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

चकाचक टाकीसमोर येऊन उभा राहिला. "अहो" आता एका कुशीवर कलायला लागले होते. कलायचे, पंख मारून सरळ व्हायचे, परत कलायचे. सासू घरी आली आणि तिनं रिकाम्या पाण्याला "अहो" म्हणून हाक मारली तर, हे त्याच्या डोळ्यासमोर आलं. मग ते "छान"बिन सगळं विसरला तो. बादली उचलली आणि नाक मुठीत धरून साडूच्या दारात.

साडू एका पंख्याचं पोट फाडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "या मोठे जावई. चप्पल काढू नका, आमच्याकडे पाय खराब होतील."

"काम होतं."

"बोला की."

"जरा... फिल्टरमधलं पाहिजे होतं."

"काय?"

"ते असतं ना. स्पंजात."

"छताचा पंखा फिरतोय, ऐकू येत नाही. मोठ्यानं."

"घाण!" चकाचक ओरडला. "तुझ्या टाकीतली घाण पाहिजे मला!"

स्वयंपाकघरातून मेहुणी हातात पळी घेऊन बाहेर आली. "भाऊजी, बरं आहे ना?"

साडूनं पंखा बंद केला. आता तो अगदी आरामात मागे टेकला. "कसली देऊ? काळी देऊ की हिरवी? कॉटखालची पण आहे."

"हास, लेका, किती हसायचं ते हास. पण आईंचा तो मासा मरतोय."

साडूचं हसू थांबलं. "कोण? अहो?"

"कलतायत."

साडू ताडकन उठला. त्याच्या टाकीत पाणी असं गच्च हिरवं होतं की मासे आहेत हे विश्वासावर मानायचं. बाही वर करून त्यानं हात खांद्यापर्यंत आत घातला, स्पंज उपसला, आणि टाकीच्याच पाण्यासकट चकाचकच्या बादलीत पचकन टाकला. चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ. वास असा की मेहुणी पळी घेऊन परत आत गेली. "वाळू द्यायचा नाही. सरळ घरी जा. आणि धुऊ नकोस, तुझा भरवसा नाही!"

याची गाडी तुम्ही बघितली नसेल. आत पांढरी कव्हरं. माणूस बसला की हा मागून कपड्याच्या ब्रशनं झटकतो. त्या सीटवर बादली ठेवून निघाला, आणि पुढच्याच गतिरोधकावर बादली कलंडली. यानं काय केलं? सीट वाचवली? नाही. बादली छातीशी कवटाळली, निम्मं पाणी शर्टावर, पँटमध्ये, पांढऱ्या कव्हरावर, आणि उरलेल्या वाटेत एका हातानं स्पंज पाण्यात दाबत, एका हातानं गाडी हाकत घरी आला. शेजारीण जिन्यात भेटली, ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

स्पंज फिल्टरमध्ये कोंबला, गाळ आतच पिळला. टाकी आणखी घाण दिसायला लागली, आणि चकाचक अंघोळ न करता तसाच समोर बसून राहिला. "सासरेबुवा," माशाला म्हणाला, "मी चुकलो. पण आता जरा धीर धरा, मुलीचं तोंड बघा." साडू रोज यायचा. दोघं मिळून पाणी बदलायचे, आणि साडू रोज टाकीत डोकावून म्हणायचा, "चप्पल घालून उतरू का?" चकाचक ऐकून घ्यायचा. हळूहळू पाणी निवळलं. बारके दोन-तीन गेले, त्यांना कुंडीत पुरलं. "अहो" सरळ झाले, आणि एके दिवशी खाण्याच्या डबीचा आवाज ऐकून काचेपाशी आले. चकाचक तेव्हा रडला. साडूनं सांगितलं मला. त्यानं पुसायला फडकं दिलं, ते ग्रीसचं होतं, तरी यानं घेतलं.

सासू घरी आली. वॉकर टेकवत थेट टाकीसमोर. मुलगी म्हणतेय आधी पाणी पी, पण नाही. खुर्चीत बसून कितीतरी वेळ बघितलं. "अहो, बारीक झालात." आणि मग तिच्या नाकासमोरून, काचेच्या आतून, नखाएवढी एक गोगलगाय निवांत चढत गेली. मागून दुसरी.

"ही कोण?"

"पाहुणी आहे, आई," चकाचक म्हणाला.

"माझ्या टाकीत एक गोगलगाय नव्हती. असल्या चपट्या गोगलगायी धाकटीच्या घरी आहेत." तिनं मान वळवली. "काय धुतलंस?"

यानं सगळं सांगितलं. काच, पानं, टूथब्रश, गन, डबकं, बादली. गन म्हटल्यावर सासूचे खांदे हलायला लागले. बायकोला वाटलं आई रडतेय. कुठलं रडतेय! ती अशी हसली की गुडघा धरून "आई गं" म्हणायची आणि परत हसायची.

"हे एंजल दोन होते," ती शेवटी म्हणाली. "एक तुझ्या सासऱ्यांनी मारला. स्पंज कपड्यांच्या साबणानं धुतला. बरं, मारला तर मारला, कबूल नाही केलं. म्हणे, थंडीनं गेला. कोणाकडे विचारायला जाणं तर सोडच. तू निदान गेलास." मग टाकीकडे बघून म्हणाली, "ऐकताय ना, अहो? जावई गेला मागायला. छान केलं त्यानं."

चकाचकला पुढचं काही ऐकू आलं नाही म्हणतो. पण पुढचं महत्त्वाचं होतं. सासू म्हणाली, गोगलगायी एकही ठेवायची नाही, आणि एकही मारायची नाही. जीव वाचवायला आल्यात त्या, चांगली घरं बघून द्यायच्या.

आता त्यांचा वेग तुम्हाला माहीत नाही. हा सकाळी वेचतो, संध्याकाळी पिल्लं दुप्पट. शेजारपाजार संपला, नातेवाईक संपले, माशांचा दुकानदार याला बघून शटर ओढतो. तिकडं फळीवर बरण्या दिसतायत ना, त्या सगळ्या त्याच. तुम्ही मघाशी म्हणालात ना, मुलीसाठी घरी माशाचं भांडं आणलंय? मग एक बरणी न्या. लहान न्या हवी तर. तो आत येऊन विचारेल, कोणी तयार झालं का, आणि दर वेळी त्याचं उतरलेलं तोंड बघणं माझ्याच्यानं होत नाही. एवढं करा राव, हो म्हणा.