सत्काराला उत्तर

आमच्या हडपसरच्या ज्येष्ठ नागरिक संघात दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांना काहीतरी शिकायचं असतं. आणि दुसरे, ज्यांना शिकणाऱ्यांचा सत्कार करायचा असतो. दुसरे जास्त आहेत.

संघाचे वर्ग मात्र चांगले चालतात. मोबाइलचा, चित्रकलेचा, पेटीचा, वक्तृत्वाचा. मी पेटीच्या वर्गाला जाते. माझी बोटं जन्मभर लाटण्याला सरावलेली, त्यामुळे सुरांनी मला लांबूनच नमस्कार केला. आमच्या बाई म्हणतात, ‘इंदुबाई, तुमची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे.’ याचा अर्थ कळण्याइतकी वर्षं मी पुण्यात काढली आहेत.

माझ्या शेजारी बसते ती नूरबानू. तिच्या हाताला सूर आहे आणि गळा तर असा आहे, की ती गायला लागली की बाकीच्या जणी आपापल्या पेटीचा भाता हळूच बंद करतात. मीही करते. तेवढीच वर्गाची सेवा.

आता आमच्या ह्यांचं सांगते. नाव वैजनाथ, नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. कारखान्यात मशीनवर उभं राहून यांची नोकरी गेली आणि त्या खडखडाटात बहुधा बोलायची सवयच मोडली. घरी दोनच शब्द: ‘हं’ आणि ‘वाढ’. निवृत्त झाल्यावर मोबाइलच्या वर्गाला नाव घालायला गेले, तो भरलेला होता, म्हणून वक्तृत्वाच्या वर्गात बसले. तिथली नम्रता नावाची शिकवणारी मुलगी मोठी गुणाची. तिने यांचं तोंड उघडलं, आणि ते कसं मिटायचं हे शिकवायच्या आतच पहिलं सत्र संपलं.

मग काय विचारता! सकाळी कात्रजच्या दुधाची पिशवी द्यायला दूधवाला आला, की हे त्याला म्हणणार, ‘आपण वेळात वेळ काढून आलात.’ न्हाणीघरातून ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ ऐकू यायचं. त्यातच यंदा संघाचा अध्यक्ष निवडायची बैठक दुपारी ठेवली. दुपारी आमच्याकडे कोण जागं असतं? ज्यांनी ‘नको’ म्हटलं नाही त्यांना निवडलं, आणि हे डुलकी काढत होते. अशा रीतीने माझा नवरा अध्यक्ष झाला.

संघाचा वार्षिक मेळावा एका मंगल कार्यालयात होता. एक वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता, कारण पुढे तिथे कुणाचातरी साखरपुडा होता. सूत्रसंचालनाला दिग्विजय. बँकेत साहेब होते, आता संघात साहेब आहेत. त्यांनी गेटवरही एक कर्णा लावून घेतला होता, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना आपण काय गमावलं ते रस्त्यातच कळावं. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटून तिसरं अध्यक्षीय भाषण, मग नूरबानूचं गाणं, मग आभार.

नूरबानूला शेवटी टाकलं म्हणून मी आधीच तडकले होते, कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि दिग्विजयना नव्हती. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि मंगळवारी ऑपरेशन होतं. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आवाजाची नस अगदी शेजारून जाते. आवाज घोगरा होऊ शकतो. वरचे सूर परत येतीलच असं नाही.

‘इंदुताई, यांना हे सांगू नका हं,’ तिने मला बजावलं होतं. ‘यांना फक्त ऑपरेशनचं माहितीये. पण एकदा यांनी मला ऐकावं, नीट समोर बसून. लग्न ठरवायला आले तेव्हा यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता. आत आम्ही मुली हळदीचं गाणं म्हणत होतो, तो आवाज ऐकून हो म्हणाले होते. आता तोच आवाज जायचा असेल, तर ऐकून तरी घेऊ देत.’

तिचे ‘हे’ म्हणजे मुनव्वरभाई. स्वारगेटजवळ त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस देवमाणूस, पण दुकान सोडून कधी कुठल्या कार्यक्रमाला आला नाही. या वेळी ‘बाराच्या आत येतो’ असं त्यांनी कबूल केलं होतं.

मेळावा सुरू झाला आणि सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांनी केलेला सत्कार, हॉल मिळवून देणाऱ्याचा, नारळ आणणाऱ्याचा. एकाला वगळलं तर तो वर्षभर बोलत नाही, म्हणून कुणालाच वगळता येत नाही. शाली थोड्या, सत्कार फार. त्यामुळे सत्कारमूर्ती पायऱ्या उतरली की विंगेत एक जण ‘राहू दे, मी धरतो’ म्हणत तिच्या खांद्यावरची शाल अलगद उतरवून घ्यायचा आणि घडी घालून पुन्हा तबकात ठेवायचा. नारळाचंही तेच. पहिल्याच सत्कारमूर्तीने शाल घट्ट धरून ठेवली तेव्हा थोडी ओढाताण झाली, पण बाहेर दिसली नाही.

शेवटी साडेबाराच्या सुमारास आमचे हे माईकसमोर उभे राहिले. यांचं भाषण आठवडाभर न्हाणीघराच्या दारातून ऐकून मला पाठ झालं होतं. पाच मिनिटांचं, बरं होतं. ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ इथे ते संपायचं. हे तिथवर न अडखळता आले. मी टाळी वाजवायला हात वर केले. तेवढ्यात यांनी दाराकडे पाहिलं, विंगेकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘संपवण्यापूर्वी आणखी एक मुद्दा.’

मुद्दा कसला? कारखान्यातल्या मशीनला तेल कसं द्यायचं, इथून सुरुवात झाली. तिथून पूर्वी हडपसरला उसाचे मळे होते तिथे आले. मग चहात आलं किसून घालावं की ठेचून, यावर दोन्ही बाजू मांडल्या.

आता, पुण्यात वक्त्याला ‘बसा’ असं कुणी तोंडाने सांगत नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं. आम्ही टाळ्या वाजवतो. वाक्य संपायच्या आत, नको तिथे, जोरात आणि सगळे मिळून. जुना वक्ता लगेच ओळखतो आणि आवरतं घेतो. पण हे नवे. नम्रताने यांना शिकवलं होतं, ‘काका, टाळ्या आल्या की थांबायचं, हसायचं आणि पुढे बोलायचं.’ त्याप्रमाणे हे थांबले, हसले आणि पुढे बोलू लागले.

पुन्हा टाळ्या. पुन्हा हे थांबले, हसले, हात जोडले. मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं. एकाने ‘वन्स मोअर’ म्हटलं. यांनी त्यालाही वाकून नमस्कार केला.

मला आधी राग आला आणि मग एकदम वाईट वाटलं. जन्मभर गप्प राहिलेला माणूस. त्याला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळत होत्या, त्या अशा. उठून त्या खिदळणाऱ्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि विंगेत नूरबानू ताटकळत होती. यांना बसवल्याशिवाय तिची पाळी येणार नव्हती. आणि चारचौघांत ‘अहो, पुरे’ म्हटलं असतं, तर हा माणूस पुन्हा ‘हं’ आणि ‘वाढ’वर गेला असता.

मी उठले, पायऱ्या चढले, तबकातली शाल उचलली आणि बोलत्या माणसाच्या खांद्यावर टाकली. हातात नारळ दिला. शाल-नारळ हातात पडल्यावर आमच्याकडे कुणाला बोलता येत नाही. एका हाताने शाल सावरावी लागते, दुसऱ्याने नारळ. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्विजय सवयीने पुढे आले, ‘आता सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर—’

म्हणजे आणखी एक भाषण! मी माईक धरला. ‘सत्काराला उत्तर नूरबानू देतील,’ मी म्हटलं. ‘पेटीवर.’

सगळा हॉल हसला आणि मी स्वतःवर खूश झाले. तेवढ्यात शालीच्या आतून हे कुजबुजले, ‘इंदू, काय केलंस हे? मुनव्वरभाई आलेले नाहीत. ते आल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असं मघाशी विंगेत म्हणाल्या त्या. मी म्हटलं, तोवर मी उघडतो.’

मी माईक हाताने झाकला. ‘म्हणजे त्या टाळ्या कशाच्या, ते तुम्हाला—’

‘कळतं गं. इतकाही खुळा नाही मी.’

विंगेत नूरबानू पडद्याची कड धरून उभी होती आणि तिची नजर दारावर होती. दार बंद होतं. दिग्विजयनी खिशातून आभाराचे कागद काढले होते, चांगले चार. मी माईक सोडला असता तर आभार सुरू झाले असते, आणि आमच्याकडे सुरू झालेले आभार देवालाही थांबवता येत नाहीत.

म्हणून मी बोलायला लागले. मी! वक्तृत्वाचा वर्ग नाही, काही नाही.

‘आधी सत्कार का केला ते सांगते,’ मी म्हटलं. ‘हा माणूस लग्नानंतर कधी माझ्याशी भांडला नाही. कारण भांडायला बोलावं लागतं. आमच्या घरात दोन्ही बाजूंनी मीच भांडायचे. त्यांची बाजू मीच मांडायचे आणि कधीकधी तीच बरोबर निघायची.’ लोक हसले. मला जोर आला. ‘आता हे सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतात आणि मी दिवसभर गप्प बसा म्हणते. मध्ये हे चार दिवस लेकीकडे गेले होते. घर इतकं शांत झालं, की दूधवाला आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, आपण वेळात वेळ काढून आलात.’

यापुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि कपाळावर घाम. मग नूरबानूकडे पाहिलं, आणि जे मनात होतं ते बाहेर पडलं.

‘मघाशी तुम्ही टाळ्या वाजवून यांना बसवत होतात. मलाही यांना बसवायचंच होतं, खोटं कशाला बोलू? पण आपल्या वयाला माणसाचा आवाज आज आहे तसा उद्या असेलच असं नाही. आहे तोवर ऐकून घ्यावा. मग ऐकू म्हणून टाळत राहिलं, तर तो काही आपल्यासाठी थांबत नाही. आपलं माणूस आज बोलतंय, गातंय, तर आत यावं, बसावं आणि ऐकावं. एवढंच.’

टाळ्या वाजल्या. कुठल्या प्रकारच्या ते मी बघितलं नाही, कारण दार उघडलं होतं. हातात हेल्मेट घेतलेले मुनव्वरभाई सरळ पुढे चालत आले आणि पहिल्या रांगेत, माझ्याच रिकाम्या खुर्चीवर बसले.

नूरबानू पेटीसमोर बसली आणि तिने हळदीचं ते जुनं दखनी गाणं म्हटलं. नवऱ्या मुलाची चेष्टा करणारं साधं गाणं, पण वर जाताना तिचा आवाज असा स्वच्छ जायचा, की माझ्या अंगावर काटा आला. एकदा बोट चुकलं, पण गळा चुकला नाही. एक वाजून गेला. वॉचमन माईक बंद करायला आला आणि बटणाशी नुसता उभा राहिला. साखरपुड्याच्या बायका पैठण्या नेसून दारात थबकल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी ठेका धरून मान डोलवत होती.

गाणं झाल्यावर दिग्विजयनी सगळे आभार ‘धन्यवाद’ या एका शब्दात उरकले. संघाच्या इतिहासात असं आधी घडलं नव्हतं.

अंगणात चहा होता. मुनव्वरभाई माझ्यापाशी आले. ‘भाभी, माफ करा. मी बारापासून गेटबाहेर गाडीवर बसून होतो.’

मी भडकले. ‘मग आत यायला काय झालं होतं? आमच्या ह्यांचा घसा कोरडा पडला तिकडे!’

‘डॉक्टरांनी मला आवाजाचं आधीच सांगितलं होतं,’ ते म्हणाले. ‘तिला वाटतं, मला माहीत नाही. मी आपला विचार करत होतो, की आपण ऐकलंच नाही तर ते शेवटचं कसं होईल? आत गेलो की ते शेवटचं झालं. पाय उचलेना. मग त्या कर्ण्यातून तुमचा आवाज आला.’ त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. ‘तिला सांगू नका, मला माहीत आहे म्हणून.’

झालं. दोघांनी मला एकच गोष्ट एकमेकांना सांगू नका म्हणून बजावलं होतं. गुपितं सांभाळणं हा काही माझा गुण नाही आणि त्या दिवशी तर माझ्या अंगात वक्तृत्व संचारलं होतं. मी नूरबानूला हाताला धरून आणलं, दोघांना चाफ्याखालच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, ‘तुम्हा दोघांना सगळं माहीत आहे. काय ते एकमेकांशी बोलून घ्या. मी चहा आणते.’

मी मुद्दाम वेळ लावला. दोन कप घेऊन परत आले, तर दोघं बोलत नव्हते. नूरबानू तेच गाणं पुन्हा म्हणत होती, अगदी हळू, बाकापलीकडे ऐकू जाणार नाही असं. मुनव्वरभाईंनी डोळे मिटले होते आणि कान तिच्याकडे केला होता. मी कप हातात धरून लांबच उभी राहिले, आणि मागून आमचे हे काही बोलत येत होते त्यांना डोळ्यांनीच थांबवलं.