एक्केचाळीस फुलांची माळ

मेदिनीच्या ॲपमध्ये रोजच्या सवयीला मोगऱ्याचं एक फूल मिळायचं. ठरवलेलं काम केलं, बटण दाबलं, की फूल माळेत ओवलं जाई. एक दिवस चुकला की माळ तुटली आणि पुन्हा पहिल्या फुलापासून सुरुवात. गेले सहा महिने मेदिनी या माळेमागे हात धुऊन लागली होती. पाकळ्या किती वेळ उमलाव्यात यावर तिने जेवढा खल केला, तेवढा तिच्या आईने तिच्या लग्नावरही केला नसेल.

माळ ठेवायची की काढून टाकायची, हे सोमवारी ठरणार होतं. ठरवणारा होता कंपनीचा मालक निश्चल शेणॉय, आणि त्याला माळ मुळीच पसंत नव्हती. चाचणीतल्या दोनशे जणांपैकी बहुतेकांच्या माळा आठवड्यातच तुटल्या होत्या, आणि माळ तुटली की लोक रागाने ॲपच पुसून टाकत होते. मेदिनीची सगळी भिस्त होती जयनगरच्या पाच निवृत्त मंडळींवर. रोज पाच हजार पावलं चालायची त्यांची सवय, आणि पाचही माळा एक्केचाळीस दिवस अखंड. त्यांना कॅमेऱ्यासमोर चालतं-बोलतं केलं की काम फत्ते, असं तिने मनाशी धरलं होतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला ती जयनगरच्या बागेत हजर झाली. तिनेच दोन फेऱ्या मारल्या, पण पाचांतला एकही दिसेना. शेवटी फाटकावरच्या फुलवालीला विचारलं, तर तिने समोरच्या दर्शिनीकडे, उभ्याने खायच्या उपाहारगृहाकडे, बोट केलं. तिथे एका उंच टेबलाभोवती चार म्हातारे उभे होते. तिघं सांबारात वडा बुडवत होते आणि चौथे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले शेषगिरी, समोर फोन ओळीने मांडून एकेकाचं बटण दाबत होते.

मेदिनीने ओळख आणि येण्याचं कारण सांगितलं, तर मंडळी वरमली नाहीत, उलट खूश झाली. शेषगिरींनी आपल्यातली अर्धी कॉफी तिला दिली आणि कारभार समजावून सांगितला. बटण इतकं बारीक, की गुंडप्पांना चष्मा लावूनही सापडत नाही. पाकळ्या उमलेपर्यंत कॉफी निवते. म्हणून सगळ्यांची फुलं शेषगिरीच ओवून टाकतात.

“आणि चालणं?” मेदिनीने विचारलं.

“घरून इथवर चालतच येतो की, पुट्टी,” शेषगिरी लेकीला म्हणावं तसं म्हणाले.

“पाच हजार पावलं?”

“तेवढी चालत बसलो तर इथले वडे संपतात,” गुंडप्पा म्हणाले.

तिचं तोंड उतरलेलं पाहून शेषगिरींना वाईट वाटलं. फिल्मच हवी असेल तर आत्ता बागेत जाऊ, असं चालून दाखवतो की तुझा साहेब उद्यापासून पळायला लागेल, असं ते म्हणाले. खोटं कशाला बोलायचं, मेदिनीला मोह झाला. सहा महिन्यांची मेहनत होती आणि कोणाला कळणारही नव्हतं. तिने कॅमेरा काढलासुद्धा.

एवढ्यात शेषगिरींनी टेबलावरचे फोन पुन्हा एकदा मोजले. चारच होते.

“शिवण्णाचा कुठे आहे?”

कोणालाच माहीत नव्हतं; त्यांच्यातला पाचवा आज आलाच नव्हता. शेषगिरींनी फोन लावला, तो बंद. भरले पेले तसेच ठेवून चौघेही निघाले. गुडघेदुखीवाले गुंडप्पा तर सगळ्यांच्या पुढे होते, आणि त्यांना गाठता गाठता मेदिनीला धाप लागली.

शिवण्णा आपल्या घराच्या फाटकात उभे होते, धडधाकट. गॅसचा सिलिंडर यायचा होता आणि फोनची बॅटरी उतरली होती. त्यावर चौघांनी त्यांना असं फैलावर घेतलं की शेजारच्या गॅलऱ्या भरल्या. घरात एकटा राहणारा माणूस फोन चार्ज करत नाही म्हणजे काय, असं शेषगिरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. मेदिनीने कॅमेरा पर्समध्ये टाकला.

रविवारचा अख्खा दिवस तिने ॲपसाठी नवा स्क्रीन आखण्यात घालवला. सोमवारी शेणॉयला तिने सगळं सांगून टाकलं, वड्यांसकट.

“म्हणजे माळ खोटी,” तो म्हणाला.

“माळ खोटी, सार. पण एक्केचाळीस दिवस ते रोज आले, हे खरं.”

तिने दाखवलेल्या नव्या स्क्रीनवर फुलं नव्हती आणि तुटायला काही नव्हतं. ॲप उघडलं की आधी एकच प्रश्न यायचा: तुम्ही एक दिवस आला नाहीत, तर कोणाच्या लक्षात येईल? खाली तीन नावांसाठी तीन मोकळ्या चौकटी. पुढे ज्या दिवशी तुम्ही ॲपवर दिसणार नाही, त्या दिवशी ॲप त्या तिघांना कळवणार.

नवीन काहीही आलं की शेणॉय आधी स्वतः वापरून बघायचा. त्याने फोन हातात घेतला.

“तुझं नाव लिहू?”

“तुम्ही आला नाहीत तर आम्ही लवकर घरी जातो, सार.”

तो हसला आणि लिहायला लागला. एक नाव टाकलं. दुसरं टाकलं, पुसलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पुसलं. मेदिनी उगाचच वहीची पानं उलटत राहिली.

“इथे लोक अडतील,” तो म्हणाला.

“कुठे?”

त्याने फोन तिच्याकडे फिरवला. पहिल्या चौकटीत ‘अम्मा’ लिहिलेलं होतं, आणि अम्मा राहायची तिकडे दूर, कुंदापूरला. बाकीच्या दोन रिकाम्या होत्या.

“हा प्रश्न काढून टाकू?” मेदिनीने हळूच विचारलं.

“नको. असंच राहू दे.” फोन खिशात घालून तो उठला, आणि दारापाशी जाऊन थांबला. “ती दर्शिनी सकाळी किती वाजता उघडते?”