छोट्या तळ्यातली लून

ओडिलनं स्वतःच हात वर केला होता, त्यामुळे आता कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी दूर उत्तरेतल्या त्यांच्या आदिवासी गावच्या बैठकीत तीच ठणकावून म्हणाली होती, "येऊ देत पाहुणे, पण आपल्या जागेवर, आपल्या माणसांच्या हाताखाली. माझ्या बापाचा शिकारीचा तळ घ्या!" घेतला की. तलावाकाठी सहा तंबू, एक धक्का आणि दर मंगळवारी विमानातून उतरणारे बारा पाहुणे. अकरा वाजता मांस वाळवणं, दोन वाजता आजीची गोष्ट. मांस दुकानातलं, गाईचं, कारण यंदा कॅरिबू हरणांचा कळप इकडे फिरकलाच नाही. पाहुण्यांना काय कळतंय डोंबल!

गोष्टीतली आजी म्हणजे ओडिलची आई, अल्फोन्सिन. वय ब्याऐंशी. पानगळ लागली की ती दरवर्षी नदीच्या मुखाशी जायची. तिथं तिची दोन लेकरं पुरलेली होती, ओडिलच्या आधीची. त्यांच्याजवळ शेकोटी पेटवायची, त्यांच्या नावानं विस्तवाला मासा आणि चहा घालायचा, थोडं बसायचं. एकही साल चुकलं नव्हतं. यंदा मात्र दोन्ही बोटी पाहुण्यांच्या दिमतीला. आणखी आठवडाभरात वारा असा सुटणार की पाण्यात बोट घालायची कुणाची छाती होणार नाही. पण आई काही बोलत नव्हती. बोलत नाही म्हणजे तिला घाई नाही, असं ओडिलनं आपल्या सोयीनं धरलं होतं.

आणि इथंच ती चुकली. तिच्या लोकांत म्हातारी माणसं तोंड उघडून काही मागत नाहीत. गोष्ट सांगतात. ऐकणारा शहाणा असेल तर उठतो. हे ओडिलला शेंबडं पोर असल्यापासून ठाऊक. पण गेले तीन महिने आई आपल्या भाषेत गोष्ट सांगायला तोंड उघडायची आणि ओडिल तव्यावरच्या बॅनक रोटीकडे लक्ष ठेवत, भाषांतर म्हणून इंग्रजीत तीच पाठ झालेली डोमकावळ्याची गोष्ट घडाघडा म्हणायची.

दुसऱ्या आठवड्यालाही राहिलेली एक जर्मन बाई होती. ती गुरुवारी सकाळी म्हणाली, "तुम्ही कावळा कावळा म्हणता, पण आजी हातानं कावळा करतच नाहीत. पाण्याकडे बोट दाखवतात. रोज."

ओडिलच्या हातातला सुरा थांबला.

दुपारी दोन वाजता तिनं बॅनक खाली उतरवली आणि आईसमोर मांडी घालून बसली. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"एक लून पक्षीण होती," आई म्हणाली. "लेकीनं बोलावलं म्हणून छोट्या तळ्यात उतरली. खायला मिळायचं, लोक हौसेनं बघायचे. पण लूनला उडायला पाण्यावर लांब धाव लागते, आणि बर्फ रोज काठावरून आत आत येत होतं. मोठ्या पाण्यावर तिची दोन पिल्लं वाट बघत होती. लेक रोज तिच्या शेजारून पोहत जायची. लोकांना तळं दाखवायची."

"मग?" ओडिलनं विचारलं.

"मग काय? लून गप्प बसली. लेक शहाणी होती ना!"

ओडिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ते सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी डोळे पुसले. मागं झेफरीन उभा होता, तिचा चुलतभाऊ आणि तळाचा व्यवस्थापक. त्याला आईची भाषा येत होती. आधी तो आपल्या बुटांकडे बघत राहिला, मग जवळ आला.

"ताई, ही गोष्ट झकास आहे. उद्यापासून हीच ठेव."

"तुला कळली नाही होय रे?"

"कळली गं! मी काय दगड आहे? पण बोटी दोन, माणसं बारा, चार वाजता मासे दाखवायचेत. मी तरी कुठं जाऊ?" त्याचा आवाज चिरकला. "हात कुणी वर केला होता, सांग ना!"

ओडिलनं चहाची किटली उचलली, सकाळचा एक मासा घेतला आणि आईला हात दिला. "चल, ऊठ."

म्हातारी ताडकन उठली. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच. बाराच्या बारा जण कॅमेरे सरसावून धक्क्यापर्यंत मागं आले. ओडिलनं दोर सोडला, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. "ताई, चार वाजता!" झेफरीन ओरडला, पण बोट अडवायला काही पुढं झाला नाही.

अंधार पडायच्या आत परत यायचंच होतं. उद्या पुन्हा अकरा वाजता गाईचं मांस, दोन वाजता गोष्ट. ओडिलला रडू आवरेना. निदान तळ सुटताना एकदा पाहावं म्हणून ती वळणार, तोच आई पुढून बोलली. जन्मात पहिल्यांदा तिनं लेकीकडे सरळ तोंडानं काही मागितलं.

"मागं बघू नकोस गं. फोटो काढतील."