व्हर्लिनच्या पिस्तुलाचा साजशृंगार

ओक्लाहोमातल्या आमच्या गावात शनिवारी सकाळी नेमबाजीचा सामना असतो आणि दुपारी त्यावरची भांडणं. जनावरांचं खाद्य विकणारा व्हर्लिन हॉज दोन्हींना नेमाने हजर. सामन्यात त्याचा नंबर खालून मोजायला सोपा, भांडणात मात्र तो पहिला.

पहिली गोळी बरी लागायची. भराभर झाडायला गेला की दुसरी भलतीकडेच. "व्हर्लिन, तुझ्या दुसऱ्या गोळीचं शेजारच्या गावात लग्न जमलंय का रे?" त्याचा मेव्हणा लमार विचारी.

"पिस्तूल उसळतं," व्हर्लिन गंभीरपणे सांगे. हाताला दोष देणं त्याच्या रक्तात नव्हतं.

मग त्याने नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर बसवला. वरच्या बाजूला भोकं असलेला ठोकळा तो. त्यांतून बारुदाचा वायू वर उसळतो आणि नळीचं तोंड खाली दाबून धरतो. उपाय खरोखर लागू पडला, पण ठोकळ्याच्या वजनाने स्लाइड, म्हणजे दर गोळीला मागेपुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग, आळसावली आणि रिकामी पुंगळी मधेच अडकू लागली. म्हणून हलकी स्प्रिंग आली. आता स्लाइड मागे धाडकन आपटायला लागली, म्हणून मुठीला पितळेचं वजन. त्यावर नेम धरायला लाल ठिपक्याची काच.

एके दिवशी बायकोने, डोरीनने, ते टेबलावरून उचललं. "हे पिस्तूल आहे की इस्त्री?"

"वजनाने झटका मरतो, डोरीन."

"मग शिलाई मशीनच बांध ना त्याला! माझंही पडूनच आहे."

शनिवारी पंच ओपल क्विझनबेरीबाईंनी ते पिस्तूल चष्म्यावरून न्याहाळलं. "एवढे दागिने घातल्यावर साध्या गटात कसं बसवू तुला? जा, खुल्या गटात." खुल्या गटात सगळ्यांचीच पिस्तुलं नटलेली, शिवाय ती पोरं व्हर्लिनपेक्षा निम्म्या वयाची. तरी तो छाती काढून गेला.

तिथे लाकडी बोगद्यातून वाकून जायचं होतं. बोगद्यावर सुट्या पट्ट्या ठेवलेल्या. पट्टी पडली की दंड. व्हर्लिन आत शिरला, गोळ्या झाडल्या, आणि वर निघालेल्या वायूने पट्ट्या पत्रावळींसारख्या उडाल्या. एक थेट लमारच्या टोपीवर आदळली.

"अरे, लक्ष्य समोर आहे, छप्पर कसलं पाडतोस!" लमार ओरडला.

समोरच्या लक्ष्याला फक्त पहिली गोळी लागली होती. बाकीच्या खाली मातीत.

व्हर्लिनने पिस्तुलाकडे पाहिलं. झटका तर उरला नव्हता. मग दोष कुणाला द्यायचा?

सामना संपल्यावर ओपलबाईंनी त्याला सरावाच्या जागी नेलं. त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक खोटी, बिनबारुदाची गोळी मिसळली. "झाड भराभर." धाड, धाड, आणि मग नुसतं खट्. गोळी सुटलीच नाही, तरी पिस्तुलाने खाली मान घातली.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "झटका यायच्या आधीच तू त्याला दाबायला धावतोस. आता उसळी राहिली नाही, म्हणून तुझं दाबणं उघडं पडलं. ते ठोकळ्याने कसं जाणार?"

व्हर्लिनचे कान लाल झाले. घरी येऊन त्याने सगळे दागिने उतरवले आणि उन्हाळाभर गोठ्यात रिकाम्या पिस्तुलाचा चाप हळुवार दाबत बसला. गाई आधी कान टवकारत, मग त्यांनीही लक्ष देणं सोडलं. मधूनमधून तो रेंजवर जाई आणि डोरीनकडून मॅगझिनमध्ये खोट्या गोळ्या मिसळून घेई. हळूहळू त्याचा हात स्थिरावला.

पानगळीच्या सामन्यात साध्या गटात तो चौथा आला. दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी. सगळे भोवती जमले. लमारने त्याला खांद्याला धरून हलवलं. "सांग लेका, काय केलंस?"

खरं सांगायला व्हर्लिनने तोंड उघडलं. एवढे लोक आपल्याकडे बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तोंडाने आपला जुना रस्ता धरला.

"मुठीवर नवी खरखरीत पट्टी चिकटवलीय," तो म्हणाला. "पकड बदलली की सगळं बदलतं."

डोरीनने तोंडावर रुमाल धरला. पुढच्या शनिवारी निम्म्या नेमबाजांच्या पिस्तुलांच्या मुठींवर खरखरीत पट्ट्या होत्या. लमारने दोन थर लावले होते, तळहात सोलवटून घेऊन तो बोगद्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "फरक जाणवतोय."